सुगत पुण्याला आहे

आमच्या वस्तीत पंचफुलामावशींना कुठल्याही घराचं दार वाजवावं लागत नाही. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. कुणाच्या बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही, कुणाच्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेलेत आणि तिला ते नकोत, कुणाचा नवरा हात उचलतो, सगळं त्यांना ठाऊक. बाया येऊन सांगत आणि मावशी ते पोटात ठेवत. त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल कुणी विचारलं तर मात्र एकच वाक्य यायचं. "सुगत पुन्याले हाय. अभ्यास करून राह्यला."

मी प्राजक्ता. अकोल्यात अकोट स्टँडच्या बाजूला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मावशींचा मुलगा सुगत माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अमरावतीला बी.एस्सी. झाल्यावर त्याचे परीक्षांचे फॉर्म मीच भरून द्यायची. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. तो पुण्याला गेला तेव्हा मावशींनी माझ्या दुकानात पेढे आणून दिले होते. तेव्हा तो खरंच पुण्याला होता.

पुढचं मला फार उशिरा कळलं.

लॉकडाऊनमध्ये सुगत परत आला तो झोप हरवून आला. पुस्तकांच्या समासात बारीक अक्षरात माणसांची नावं लिहायचा आणि ती माणसं आपल्यावर नजर ठेवून आहेत म्हणायचा. एके दुपारी त्यानं पंख्याच्या वायरी उपटून काढल्या, आवाज तिथून येतात म्हणून. त्याचे वडील देवमनकाका वीज कंपनीत लाइनमन होते, निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. त्यांनी स्टुलावर चढून वायरी जोडल्या आणि लेकाला जवळ बसवून समजावलं, "बाबू, वायरीतून करंट जाते. बोलनं नाही जात. चाळीस वर्षं हातात वायर होती माह्या, मले मालूम नसन काय?" सुगतनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वायरी तोडल्या. तिसऱ्यांदा तोडल्यावर काकांनी पंखाच काढून टाकला.

मग काका-मावशी त्याला अमरावतीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. अकोल्यात डॉक्टर नव्हते असं नाही, पण अकोल्यात कुणी पाहिलं असतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. दोन गोष्टी सांगितल्या. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि पोराला माणसांत ठेवायचं, लपवायचं नाही. पहिली मावशींनी डोळ्यांत तेल घालून पाळली. दुसरी परतीच्या बसमध्येच काकांनी मोडीत काढली.

त्याला कारण होतं. काकांचा थोरला भाऊ बुधाजी असाच बिघडला होता. गावात लोकांनी त्याला लिंबाच्या झाडाला बांधून ठेवलं. पोरं दगड मारायची. काका तेव्हा नऊ वर्षांचे. भावाला भाकर नेऊन देणं हे त्यांचं काम. एक दिवस भाकर घेऊन गेले तर दोरी होती, बुधाजी नव्हता. तो पुढे कुणाला दिसला नाही. काकांनी मावशींना एवढंच म्हटलं, "माह्या पोराले झाडाले बांधू देनार नाही मी. कोनाले सांगाचं नाही."

म्हणून सुगत पुन्हा पुण्याला गेला. म्हणजे घराच्या मागच्या खोलीत गेला.

तीन वर्षं. दर महिन्याला मावशी अमरावतीला जाऊन गोळ्या आणायच्या आणि बडनेऱ्याला बहिणीकडे गेले होते म्हणून सांगायच्या. गोळ्या पाकिटातून काढून स्टीलच्या डबीत भरायच्या आणि रिकामी पाकिटं चुलीत जाळायच्या, कचऱ्याच्या गाडीत कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून. पाहुणा आला की ओसरीवरच चहा. टीव्ही जरा मोठ्यानं. सुगतनं आत काही पाडलं की धाकटी बहीण दामिनी मुद्दाम भांडी आपटायची. गोळ्यांनी तो शांत झाला होता, आवाज कमी झाले होते. पण चोवीस तास चार भिंतींत बसून माणूस जसा होतो तसा तो झाला होता. मावशींना म्हणायचा, "आई, मी पुन्यात काय करून राह्यलो सद्या?" सुरुवातीला हा त्याचा विनोद होता. नंतर मावशींना कळेना की तो विनोद आहे की विचारणं.

दामिनीचं लग्न जमलं गेल्या वर्षी मार्चमध्ये. बी.एड. झालेली, चुणचुणीत मुलगी. मुलगा अमरावतीचा, सरकारी नोकरीत. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी व्हायचं ठरलं. त्याआधीच्या सोमवारी मुलाच्या वडिलांचा फोन आला, भावाला बोलवाच, आम्हाला भेटायचंय. काका ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले, "नाही जी, त्याची परीक्षा हाय याच हप्त्यात. पुन्याहून नाही येऊ शकत तो."

मागच्या खोलीत सुगतनं ते ऐकलं.

मंगळवारी सकाळी मावशी अंगणवाडीत होत्या, दामिनी ब्लाऊज शिवायला टाकायला गेली होती, काका साक्षगंधाच्या मंडपवाल्याकडे. सुगत उठला, प्रमाणपत्रांची फाइल घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडला.

तो माझ्या दुकानात आला. दुकानात त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी होती, सर्व्हर बंद पडत होता, पोरांनी काउंटर वाकवून ठेवला होता. सुगत मागे उभा राहून म्हणाला, "ताई, माझं हॉल तिकीट काढून द्या."

मी वर पाहिलं. मार्चच्या उन्हात त्यानं एकावर एक दोन शर्ट घातले होते. दाढी एका गालाची केलेली, दुसऱ्याची राहिलेली. हे मी पाहिलं. आज डोळे मिटले तरी दिसतं. पण सुगत पुण्याला असतो, हुशार आहे, हे मला माहीत होतं. माहीत असलं की माणूस पाहत नाही.

"अरे, कधी आलास पुण्याहून? साइट बंद पडून राहिली रे सकाळपासून. दुपारी ये."

"पुण्याची गाडी आहे. परीक्षा आहे माझी."

"मग पुण्यातच काढून घे. ऑल द बेस्ट!"

त्यानं मान डोलावली आणि स्टेशनच्या दिशेनं गेला.

मावशी घरी आल्या तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या तिघांनी सुगतला चोरून शोधलं. चोरून हाच शब्द आहे त्याला. काका स्टेशनवर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि ओळखीच्या माणसानं विचारलं तर म्हणाले, पाहुणे येणार आहेत. मावशी मोर्णा नदीच्या पुलाखाली डोकावून आल्या. दामिनी स्कुटीवर गल्ल्या फिरली. कुणालाही एका शब्दानं विचारलं नाही, कारण जो पुण्याला आहे तो अकोल्यात हरवला कसा, हे कुणाला सांगणार? दोन दिवस असे गेले. गोळ्यांची डबी घरात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते. मावशी पायरीवर बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, त्याची शुद्ध नव्हती.

"पोरी, एक कागद छापाचा हाय. मानूस हरवल्याचा."

"कोण हरवलं मावशी?"

"सुगत."

"सुगत? तो तर मंगळवारी इथेच आला होता." माझ्या तोंडून निघून गेलं. "पुण्याला चाललो म्हणाला."

मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी सांगू शकत नाही. राग नव्हता त्यात. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुह्या दुकानात आला होता? कसा दिसत होता? जेवला होता काय वं तो?" आणि मग तिथेच, पायरीवर बसून, मागच्या खोलीचं, गोळ्यांचं, बुधाजीचं, सगळं सांगितलं. सांगताना त्या रडल्या नाहीत. मधूनमधून फक्त थांबायच्या, जसं एखादं ओझं या हातातून त्या हातात घेताना थांबावं.

"तुले मालूम असतं तं तू थांबवलं असतं त्याले," त्या म्हणाल्या. "मीच नाही सांगतलं. मीच धाडलं त्याले."

मी कॉम्प्युटर सुरू केला. तेवढ्यात देवमनकाका आले. मी टाइप केलं होतं, घरातून निघून गेला आहे, वय सत्तावीस, उंची, रंग. मावशी म्हणाल्या, "आता लिव. त्याले मानसिक आजार हाय. औषधं चालू हायेत."

काका म्हणाले, "ते नको लिवू पोरी."

"लिव."

"सुगतची माय, हे कागद भिताडावर लागनार हायेत. रविवारी पोरीचं साक्षगंध हाय. अन् ते जाऊ दे. पागल हाय म्हनून वाचलं ना लोकायनं, तं बांधून टाकतीन त्याले. मी पाह्यलं हाय. तुनं नाही पाह्यलं."

"अन् नाही लिवलं तं दारुडा समजून मारतीन. चोर समजून मारतीन. तो काई सांगू शकनार हाय काय त्यायले? तुमी सांगा, तो काय सांगन? पुन्याले चाललो म्हनून सांगन!"

काकांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. दोघंही बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी काका बाहेर जाऊन उभे राहिले. मावशींनी मला पुढचं एकेक वाक्य सांगितलं आणि मी ते तसंच उतरवलं. 'तो आजारी आहे. तो कुणाला मारत नाही. तो घाबरलेला असतो. त्याच्याशी हळू बोला. त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि या नंबरवर फोन करा. त्याला बांधू नका.'

शेवटचं वाक्य काकांनी बाहेरून सांगितलं.

तिथून आम्ही पोलिसांत गेलो. टेबलामागच्या माणसानं विचारलं, काही आजार? मावशींनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. त्यानं दोनदा विचारलं, मावशींनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा अक्षरं फोडून सांगितली. बाकावर आमच्या वस्तीतली दोन माणसं बसली होती. त्यांनी माना वळवल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "हो, सुगतच. पुन्याले नव्हता तो. घरातच होता. दिसला तं सांगा बाप्पा."

संध्याकाळपर्यंत तो कागद फोनाफोनांतून अमरावतीला पोहोचला. शुक्रवारी मुलाच्या वडिलांनी काकांना फोन केला. शिवीगाळ नाही, वाईट शब्द नाही. एवढंच म्हणाले, तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं. साक्षगंध मोडलं.

दामिनी आईला म्हणाली, "आई, त्या कागदावर तुनं माह्यंही नाव लिवलं." त्यानंतर ती तेरा दिवस आईशी बोलली नाही. भावाला मात्र रोज शोधायला जायची.

पाचव्या दिवशी शेजारच्या पार्बताबाई मावशींकडे आल्या. साठीच्या, विधवा, दोघींची भिंत एकच. त्या दारातच उभ्या राहून रडायला लागल्या. मी तिथे होते.

"पंचफुला, मले मालूम होतं वं."

"काय मालूम होतं?"

"तो घरात हाय ते. दोन वर्सापासून मालूम होतं. भिताडातून आयकू येते ना. तो बोलते, तू समजावते, सारं आयकू येते. म्या कोनाले नाही सांगतलं. तू लपवून राह्यली तं तुही इज्जत झाकाले पायजे म्हनून गुपचूप राह्यलो. मंगळवारी म्या त्याले पाह्यलं दारातून निंगताना. मले वाटलं हाक मारावं. पन मले तं मालूमच नाही ना, मंग हाक कशी मारू?"

मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "दोन वर्सं तू भिताडाच्या तिकडून आयकत होती, अन् मी इकडे एकटीच हाय समजून मरून राह्यली होती." त्या पार्बताबाईंवर ओरडल्या, मग त्यांना जवळ घेतलं, मग पुन्हा ओरडल्या. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, माझ्या ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी मोजत गेले, कारण मावशी मोजायच्या. बिनगोळीचे दिवस. रविवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर बडनेऱ्याला गेले. बडनेरा जंक्शन, चारी दिशांच्या गाड्या. तो पुण्याच्या गाडीत बसला असेल तर कुठल्या कुठे गेला असेल, पण मावशींचं मन म्हणायचं तो अमरावतीच्या बाजूलाच असेल, कॉलेज तिथलं त्याचं. फलाटावरच्या चहावाल्याला, केळीवालीला, सफाईवाल्या बायांना त्या कागद देत आणि स्वतःच्या तोंडानं सांगत. अंगणवाडीत लसीच्या डोसाची तारीख सांगायच्या त्याच आवाजात, "माहा पोरगा हाय. त्याचं मन बिमार हाय. तो असा असा हाय."

लोकांनी काय केलं? कुणी कागद घेऊन घडी घालून त्यावर पान ठेवलं. एकानं विचारलं, मारते काय? एक म्हातारा म्हणाला, करणी असेल, बाबाकडे न्या. पण असेही भेटले की कागद वाचून झाल्यावर हलायचेच नाहीत. फलाट झाडणारी एक बाई झाडू टाकून म्हणाली, माझा नवरा असाच आहे, मी कुणाला सांगितलं नाही. एक हमाल कानाशी येऊन म्हणाला, मला स्वतःला ऐकू येतात आवाज, कुठल्या डॉक्टरकडे जाता तुम्ही?

मला वाटलं मावशींना धीर येईल. उलट झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एका बाईनं आपल्या बहिणीची कहाणी सुरू केली तेव्हा मावशी तिच्या खांद्यावरून गर्दीत पाहत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "बाई, मले तुही बहीण नको सांगू. माहा पोरगा पाह्यला काय तेवढं सांग." ती बाई मागे सरली. बसमध्ये मावशी मला म्हणाल्या, "वाईट झालं वं. तिनं पह्यल्यांदा तोंड उघडलं असन. पन माह्यात जागाच नाही उरली." पूर्ण रस्ताभर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. रस्त्याकडेला माणूस दिसला की उठून उभ्या राहायच्या.

पंधराव्या दिवशी एका गावाजवळ प्रेत मिळाल्याचा निरोप आला. काका आणि मावशी दोघं गेले. तो सुगत नव्हता. परत आल्यावर काकांनी मला सांगितलं, चादर वर करेपर्यंत त्यांच्या मनात आलं होतं की सुगतच असू दे, संपू दे एकदाचं. हे त्यांनी मला सांगितलं, मावशींना नाही. मावशींनी मला तेच वेगळं येऊन सांगितलं, काकांना नाही. मी दोघांनाही म्हटलं की एकमेकांना सांगा. ते बोलले की नाही, मला माहीत नाही.

बाविसाव्या दिवशी दुपारी कौंडण्यपूरहून फोन आला. वर्धा नदीच्या काठी देवळाजवळ नारळ-अगरबत्तीचं दुकान लावणारी चतुराबाई नावाची बाई. एस.टी.च्या एका कंडक्टरनं तिच्या दुकानाच्या खांबाला आमचा कागद चिकटवला होता. ती म्हणाली, "घाटाच्या पायरीखाली एक मानूस हाय, तीन दिवसापासून. लोकं हाकलून राह्यले होते. म्या कागदात लिवलं तसं हळू बोललो त्याच्यासंगं. बस म्हटलं, बसला. पानी देल्लं, पेला. पन पायाचं लय खराब हाय. लवकर या जी."

आम्ही जीप करून गेलो. सुगत पायरीखालच्या सावलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. चतुराबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर, दुकान सोडून, बसली होती. एक शर्ट अंगावर होता, एक डोक्याला बांधला होता. डाव्या पायाला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्यावर माश्या. डांबराच्या रस्त्यानं अनवाणी तो किती दिवस चालला, कुणास ठाऊक.

मावशी जवळ गेल्या. तो त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "आई, परीक्षा झाली काय?"

काका खाली बसले आणि त्यांनी सुगतचे हात हातात घेतले. दोन्ही मनगटांना दोरीचे वळ होते. जुने, खपली धरलेले. कुठेतरी, कुणीतरी त्याला बांधलं होतं. कुठे, कुणी, किती दिवस, हे त्यानं कधी सांगितलं नाही. काकांनी ती मनगटं आपल्या कपाळाला लावली आणि साठी ओलांडलेला तो माणूस असा ओरडून रडला की घाटावरची माणसं गोळा झाली. मावशींनी लिहिलं म्हणून चतुराबाई हळू बोलली होती. आणि काका ज्याला भीत होते तेही होऊन गेलं होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात सुगतच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. मनाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण त्यांना लागू व्हायला आठवडे लागले आणि तो पूर्वीइतकाही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, औषध तुटलं की असं होतं, किती भरून येईल सांगता येत नाही. मावशी त्याला म्हणाल्या, "बाबू, माफ कर. म्या तुले कोंडून ठेवलं."

तो शांतपणे म्हणाला, "कोंडलं कुठं? मी तं पुन्यात होतो. तूच सांगत होती सगळ्यायले."

याला दीड वर्ष झालं. सगळं उघड झालं म्हणून सगळं बरं झालं असं मला लिहिता आलं असतं तर मी लिहिलं असतं. अंगणवाडीतून तीन आयांनी मुलं काढून घेतली. त्यातली एक, तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर रडू आवरत नव्हतं तेव्हा मावशी रोज जाऊन बसायच्या तिच्यापाशी. तीच पहिली. दोघी नंतर परत आल्या, ती नाही आली. देवमनकाका घराबाहेर पडत नाहीत. विहारात दर रविवारी जाणारा माणूस, आता ओसरीवर सुगतशेजारी खुर्ची टाकून बसतो. पंखा परत लावलाय. दामिनी अमरावतीला एका शाळेत शिकवते, तिथेच खोली करून राहते. आईशी बोलते, पण फोन ठेवायची घाई असते तिला. एक स्थळ आलं होतं. तिनं पहिल्याच भेटीत भावाचं सांगितलं. ती माणसं चहा पिऊन गेली.

आणि मागच्या महिन्यात सुगत पुन्हा निघाला. या वेळी मात्र रस्त्यानं पाच माणसांनी त्याला ओळखलं. पार्बताबाईंनी हाक मारली, ऑटोवाल्यानं ऑटो आडवा लावला, मी दुकान टाकून धावले. त्याला ते नको होतं. भर रस्त्यात तो किंचाळला आणि मावशी पुढे झाल्या तेव्हा त्यानं त्यांच्या तोंडावर मारलं. तो कुणाला मारत नाही असं कागदावर लिहिलं होतं आम्ही. मावशींचा ओठ फाटला. काका हात जोडून लोकांना म्हणत होते, जा जी, जा आपापल्या घरी. मावशी रस्त्यातच मांडी घालून बसल्या, पदरानं रक्त पुसलं आणि म्हणाल्या, "राहू द्या त्यायले. पाहू द्या." पार्बताबाई त्यांच्या बाजूला बसल्या. त्यांनी सुगतला आपल्या शेळीला झालेल्या करडाचं सांगायला सुरुवात केली, कसं झालं, कोणत्या रंगाचं, पहिल्याच दिवशी कसं उभं राहिलं. तासभर सांगत होत्या. शेवटी तो आपणहून उठला आणि घरात गेला.

आता रोज संध्याकाळी मावशी त्याला घेऊन निघतात. तो डावा पाय ओढत चालतो. प्रत्येक दारासमोर थांबून त्या नव्या भाडेकरूला, नव्या सुनेला, शाळेतून आलेल्या पोरांना सांगतात, "हा सुगत. माहा पोरगा. याले आजार हाय. असा असा वागते. कदी एकटा दिसला तं हळू बोला." काही दारं त्यांना पाहून लोटली जातात. त्या लोटलेल्या दारासमोरही दोन मिनिटं थांबतात.

परवा त्या दुकानात बसल्या होत्या. सुगत बाहेर पायरीवर होता. मी म्हटलं, "मावशी, रोज रोज तेच सांगून थकत नाही का तुम्ही?"

"थकली ना वं. लय थकली." त्या त्याच्या पाठीकडे पाहत होत्या. "पन मी अट्ठावन वर्साची झाली. याचे बाबा तं अर्धे गेल्यातच जमा हायेत. मी मेल्यावर कोन सांगन लोकायले?"

दामिनी आहे, असं म्हणणार होते, पण मावशींनी दामिनीचं नाव घेतलं नव्हतं. मग मीही घेतलं नाही. त्या उठल्या, सुगतच्या काखेत हात घातला, आणि दोघं पुढच्या गल्लीत गेले.